लेझरनंतरचा पहिला फोन

लेझरनं आवाज सुधरते काय, इचारता? सुधरते ना गड्या, पन मंग मायच वळखत नाही!

अकोल्याच्या मार्केटात तुरीचा हर्रास, म्हंजे लिलाव, बोलू बोलू माह्या स्वरतंतूंले सूज आली होती. वर्सभर आवाज फुटक्या भोंग्यावानी. हर्रास त सुटलाच, घरी पानी मांगाले बी थाळी वाजवा लागे. अमरावतीच्या डॉक्टरीनबाईनं लेझर केलं अन् आईसमोरच बजावलं, "मी सांगेपर्यंत एक शब्द नाही. आणि खाकरायचं तर मुळीच नाही."

मंग तपासनीच्या दिवशी बाई म्हने, "बोला आता."

निंगाला ना बाप्पा आवाज, घासलेल्या तांब्यावानी लख्ख! तिथूनच कंपाउंडरच्या मोबाइलवरून बार्शीटाकळीले आईले फोन लावला.

"आई, मी दिनेश."

"कोन दिनेश?"

"तुहा पोरगा!"

"माह्या पोराचा आवाज मले मालूम हाय. ओटीपी पायजे ना तुले? भेटत नाही."

"आई, लेझर झालं ना माहं!"

"तेबी मालूम करून ठेवलं काय रे मुडद्या?"

आता हिले कसं पटवावं? बोलाच्या आंधी सवयीनं खाकरलो.

"दिन्या!" आई कडाडली. "खाकरू नोको म्हनलं होतं ना तुले बाईनं?"

अन् मंग जे शिव्या सुरू झाल्या! मी गुपचूप आयकत डॉक्टरीनबाईले हात जोडून उभा. तशी आई थांबली.

"आवाज आला ना आता? मंग उलटून बोल ना लेका. वर्सभर एकटीच भांडू भांडू कटाळली मी."