खाडीवरचा होडीवाला

माणिकपूरला शेअर रिक्षाच्या रांगेत विनिताच्या मागे कॉलेजातली दोन भावंडं बोलत होती.

"थँक्यू, शर्लिन. पहिल्यांदाच गेम मास्टर होऊन गोष्ट सांगितलीस, पण मस्त खेळवलंस."

"कसलं मस्त, हृतिक? आठवडाभर खपून राक्षसाचा किल्ला रचला, आणि तुम्ही सगळे खाडीवरच्या होडीवाल्याशी गप्पा मारत बसलात. तो तर मी ऐनवेळी घुसडला होता."

"'पानी चढू दे, पोरांनो, मंग सोडू होडी.' डॅडी बोलल्यासारखं वाटलं."

"तोंडातून आपोआप आलं. ते गेल्यापासून घरात असं कोणी बोलतच नाही ना."

रिक्षा लागली, तरी विनिता हलली नाही.

"रविवारी मम्मीला पण खेळायला घे."

"तिला फासे, तलवारी काय कळणार?"

"लढायला नको लावू. नुसती होडीत बसव."