पान नंबर दोनचा राजीनामा

हॅलो? … हां रुपाली, बोल. पटकन बोल गं, शाळेत आहे मी, पुढचा तास आठवीवर आहे माझा…

रडतेस कशाला? … नोकरी गेली? अगं, गेली म्हणजे? लायब्ररीत लागून चार महिने नाही झाले तुला! … कॉलेजनं काढलं? कोण म्हणालं? … ईमेल आला. बरं. काय लिहिलंय त्यात? … अर्थ नको सांगू. शब्द वाच. … येतं तुला, वाच.

'प्लीज रिझाइन पेज टू…' थांब. परत वाच. … पेज टू? अन् पुढं? … 'सबमिट बाय फाइव्ह पीएम.' अरे देवा.

रुपाली, पान नंबर दोनचा राजीनामा देतं का गं कुणी? … हो, हो… अगं ऐक ना! री-साइन. री म्हणजे पुन्हा, साइन म्हणजे सही. तुझ्या नोकरीच्या करारपत्राच्या दुसऱ्या पानावर पुन्हा सही कर, एवढंच! … हो, स्पेलिंग तेच. मधे आडवी रेघ द्यायची असते, ती त्यांनी दिली नाही. … हो बाई, त्यांचंच चुकलं. पण मला विचारायचंस ना आधी!

… दिला? काय दिला? … राजीनामा? लिहून? कधी? … अर्धा तास झाला.

काय लिहिलंस त्यात? … 'काइंडली रिलीव्ह मी.' अर्थ माहितीये त्याचा? … दिलासा द्या? न्हाई गं बाई! तो रिलीफ. रिलीव्ह मी म्हणजे मला कामावरून मोकळं करा! … अजून? 'विथ इमिजिएट इफेक्ट.' म्हणजे आजच, आत्तापासून. … हे शब्द तुझे नाहीत, रुपाली. कुणी लिहून दिलं?

… सुनीलरावांनी. … तू नवऱ्याला ईमेल पाठवलास, अन् त्यांनी दहा मिनिटांत अख्खा अर्ज पाठवला. तू उतरवून काढलास. … पेज टू दिसलं नाही त्यांना? बीकॉम झालेला माणूस?

… काय म्हणाले? … 'बरं झालं, आता घरी बसशील.'

… नाही. मी काही म्हणत नाही. … नाही म्हटलं ना! तू कुठंयस आत्ता? … एसटीत? सुटली का स्टँडवरून? … मग उतर. … अगं राहू दे तिकीट, उतर! कॉलेज काय लांब आहे तिथून? … फोन नको ठेवू. मी आहे.

राजेश्वरी मॅडम, आठवीवर जाता का जरा? बहिणीचा फोन आहे, कोपरगावहून…

हां, बोल. … पोचलीस? अर्ज कुणाकडं दिलेलास? … क्लार्क आसारामभाऊ. दे त्यांना फोन.

नमस्कार भाऊ. मी रुपालीची थोरली बहीण, संगमनेरला असते. … भाऊ, तो अर्ज प्राचार्यांकडं गेला का? … नाही ना? मग परत द्या की! … आवक रजिस्टरला चढला. … अहो, पण ईमेल तुमच्याच ऑफिसातून… हो, हो, टायपिंगची चूक, कुणाकडूनही होते. … मागं घेतल्याचं लेखी पाहिजे? देते ती, आत्ता देते. फोन द्या तिच्याकडं.

रुपाली, कागद घे. लिही. 'आय विश टू विथड्रॉ'… डब्ल्यू, आय, टी… काय? … इंग्रजीत नको? अगं, ऑफिसचं काम आहे, जरा… 

… बरं. मग काय लिहितेस ते वाच मला.

… 'मला नोकरी सोडायची नाही. अर्ज मी न समजता केला होता.'

… नाही. काही बदलू नको. … शुद्धलेखन राहू दे गं! दे तसाच.

… घेतला? शिक्का मारला? … अन् ते दुसरं पान? … सावकाश कर सही. … झाली? हुश्श.

मधेच कुणाचा फोन येतोय? … सुनीलरावांचा. … परत येतोय? … घाबरायचं काय त्यात? … काय सांगू म्हणून मला विचारू नको, रुपाली. मी एक शब्द सांगणार नाही.

… हां. हेच सांग. 'लायब्ररी साडेपाचला बंद होते, त्यानंतर येईन.' … एवढंच. उचल तू. ठेवते मी.