तिसरं पाकीट

नाही जी, साखर नाही ठेवत आमी — म्हणजे फुटाण्याच्या बाजूले गूळ आहे, पण कॉफीच्या बाजूले साखर नाही, पोरीचा हुकूम आहे — आधी पेऊन पाहा, मंग बोला. तुमी पुण्याचे न? पाह्यलं, ओळखलं. काहून म्हणता? तुमी आत येतानी विचारलं, 'बसलं तर चालेल का?' आमच्या ह्या महाल भागात कोणी विचारत नाही, बसून घेते. बसा. मी बाबाराव. दुकान अर्धं माह्यं, अर्धं माह्या पोरीचं, उन्नतीचं — ह्या खांबाच्या इकडे भट्टी, कढई, रेती, फुटाणे, मुरमुरे — खांबाच्या तिकडे मशीन, कॉम्प्युटर, कॉफी. ती गेली एअरपोर्टले, एका साहेबाले आणायले, तवरक तिकडचंही मीच पाहून राहिलो. घाबरू नका, बनवता येते मले. मले भाजायची मनाई आहे, बनवायची नाही.

मीडियम रोस्ट म्हणजे काय — तुमी विचारलं म्हणून सांगतो, नसतं विचारलं तरी सांगतलं असतं. लोकं येतात अन् म्हणतात, काका, कडक द्या, काळी द्या. नागपूरच्या माणसाले जळजळ झाल्याबिगर आपण काही खाल्लं असं वाटतच नाही. तर्रीचं ठीक आहे, पण कॉफीचं तसं नाही न. काळीठिक्कर भाजली का साऱ्या दाण्याची चव एकच — जळल्याची. मंग तो दाणा चिकमगळूरचा असो का आणखी कुठला, कोळशाले गाव नसते. अन् कमी भाजली तं आंबट, कच्चं बोर खाल्ल्यावानी. मधातली जी आहे — भाजल्या चिंचोक्याच्या रंगाची, वरून कोरडी, तेल न सुटलेली — तिच्यात थोडं आंबट राहते, संत्र्याचं असते तसं, थोडं गुळावानी गोड राहते, अन् कडू तं आहेच, पण ते कडू मागं बसते, आंगावर नाही येत. म्हणून आवडते लोकाले. एकदा पेली का काळीवाले पण वापस येतात, फक्त कबूल करत नाहीत. पोरगी हे सारं इंग्रजीत सांगते, मी फुकटात मराठीत सांगून राहिलो.

चमच्यानं पेता का तुमी? प्या न, प्या. आवाज झाला तरी चालते, आमचा आजा बशीतून पेताना असाच आवाज करे, चार घरं ऐकू जाये. — ठेवला कप? दोनच घोट? हं. सकाळची आहे ती, उन्नतीनंच भाजली. वाईट नाही — पण काहीतरी राह्यलं, न? बोला, बोला, ती नाही इथं. बरं. थांबा, दुसरी देतो. हा डबा मी मुरमुऱ्याच्या पोत्यामागं ठेवतो, हे तिले माहीत नाही. — घ्या. ही पाहा. — आता कसे डोळे मिटले!

ही मी भाजली. हाव, मी. मनाई आहे, सांगतलं न — पण आयका तं. चाळीस वर्षं झाली मले ह्या भट्टीवर. कॉफीले फुटाण्यावानीच फूट असते जी, कोणी सांगत नाही, पण असते. पहिले दाणा हिरवा, मंग पिवळा — तेव्हा ओल्या पोत्याचा वास येते — मंग भाकरीचा वास, अन् मंग फुटते, चट्, चट्, चट् — अन् मंग शांत. अन् त्याच्यापुढं आणखी एक फूट आहे, बारीक, ती आली का समजा गेली काळ्यात. मधातल्या शांतीत उतरवायची, अन् तेही जराशी पहिले, कारण का खाली उतरवला तरी दाणा आपल्याच गरमीनं भाजत राहते. उन्नतीले हे कॉम्प्युटरवर दिसते, रेघ वर जाते, खाली येते. मले ऐकू येते. कोण बरोबर? दोघंही बरोबर, पण मले विचारते कोण.

मनाई काहून? माहीच चूक. तिनं मशीन आणलं त्या दिवशी मी म्हणलं, काय वं, आता कोळसा इकून राहिली का? दोन महिने बोलली नाही माह्याशी. लहानपणी शाळेतल्या पोट्ट्या तिले 'फुटाणे' म्हणून चिडवत, ते मी इसरलो होतो, ती नाही इसरली. मंग बोलली तं इतकंच — 'बाबा, खांबाच्या इकडे तुमी, तिकडे मी. माह्या मशीनले हात लावायचा नाही, माह्या दाण्याले हात लावायचा नाही.' मी तिच्या मायच्या फोटोपुढं शपथ घेतली. आता फोटोपुढं घेतलेली शपथ — जाऊ द्या. गार होऊन राहिली तुमची, प्या.

दीड महिना झाला असंन. एका कंपनीले तीन पाकिटं पाठवायची होती तिले — तुमच्या पुण्याचीच कंपनी, कॉफीची दुकानं आहेत त्यायची, बारा. पसंत पडली तं बाराही दुकानात हिची कॉफी ठेवणार. तीन येगयेगळी पाकिटं. दोन भरून झाली, तिसऱ्याची परात थंड व्हायले ठेवली अन् बाई घरी गेली आंघोळीले. मी फळीवरून सूप काढायले गेलो — कोपर लागलं — सारी परात फुटाण्याच्या टोपल्यात. वेचली असती मी, दाणा न् दाणा वेचला असता, पण हळद-मिठाचे फुटाणे होते जी. हळद-मिठाची कॉफी पाठवता का? कुरियरवाला घंट्याभरात येणार. काय केलं असतं तुमी? सांगतलं असतं? तुमी पुण्याचे, सांगतलंही असतं. मी तिच्या पोत्यातले हिरवे दाणे काढले, भट्टी पेटवली, माह्या कढईत, माह्या रेतीत — बारा मिनिटं, चाळली, पाखडली, भरली पाकिटात, तिनं लिहून ठेवलेली चिठ्ठी चिकटवली. मशीनले हात नाही लावला. दाण्याले लावला. खोटं काहून बोलू. जी उरली, ती ह्या डब्यात.

अन् त्यायचं पत्र आलं — तिसरंच पाकीट पाहिजे. तिसरंच! लिहिलं काय, तं 'घोट गेल्यावर मागून भाजल्या हरभऱ्याची मंद चव येते.' आता चाळीस वर्षांची हरभऱ्याची रेती, दुसरी कायची येणार! पण ती बिचारी कोड्यात पडली, तिनं चिकमगळूरच्या मळेवाल्याले फोन केला — तुमच्याकडे बाजूले हरभरा पेरतात का? तो म्हणे नाही बा, मिरी आहे. हासू नका. मीही नाही हासलो.

नाचली जी ती त्या दिवशी. सव्वीस वर्षांची पोट्टी, ह्या खांबाले धरून नाचली. मले पेढा भरवला अन् म्हणे, 'बाबा, पाहा, मी केलं.' ते 'मी' तिच्या तोंडातून कसं काढून घेऊ, सांगा बरं? मी पेढा खाल्ला. चांगला होता. — अन् तवापासून रोज तेच चाललं आहे, तेवढीच आच, तेवढीच मिनिटं, वहीत लिहून, अन् ते काही येत नाही. कसं येईन? चव खांबाच्या इकडं आहे, ती तिकडं शोधून राहिली. काल म्हणे, 'बाबा, ते माह्या हातून चुकून झालं असंन, मले काही येतच नाही.' रडली. अन् मी म्हणलं, येईन येईन, अन् फुटाणे चाळायले गेलो. असा बाप. लाज वाटते मले, खरं सांगतो, भट्टीपाशी बसायची लाज वाटते. आज चार वाजता त्या साहेबापुढं तिले तिसरं पाकीट भाजून दाखवायचं आहे. नाही जमलं तं बारा दुकानं तं गेलीच, पण ती मशीन इकून टाकीन, मले माहीत आहे तिचा सोभाव. कोणाले सांगावं म्हणता हे? ओळखीच्याले सांगतलं तं सांजेवरी साऱ्या महालात होईन. तुमी बरे, बाहेरचे, आता जासान निघून.

थांबा हं, तिचाच फोन. — हाव, बोल बेटा. — काय? विमान कधीचं उतरलं? — मंग सौरव साहेब सरळ दुकानावरच निघाले? — नाही वं, कोणी साहेब-बिहेब नाही आला. एक पुण्याचे बसले आहेत कॉफी पेत, ते — चष्मा? — हाव, आहे चष्मा. — निळी बॅग... हाव. — चमच्यानं? — हाव, चमच्यानं. — नाही, काही नाही बोललो मी. मी कुठं बोलतो कोणाशी. — ये तू, अर्ध्या घंट्यानं आली तरी चालते. गाडी हळू चालव.

…सौरव साहेब न तुमी?

आता मान हालवून काय फायदा! पहिलेच तोंड उघडलं असतं तं — बरं, मी उघडू देलं नाही, हेही खरं. काही बोलू नका आता. उठा. समोरून नका जाऊ, ह्या मागच्या बोळीतून निघा, डाव्या हाताले बडकस चौक लागते, तिथं पोहे खा, तर्री कमी मागा, तुमाले झेपणार नाही. चार वाजता समोरून या. बसायच्या पहिले विचारा मात्र, नाहीतं आपलं बोलणं झालं अशी तिले शंका येईन. तुमी कॉफी पेऊन पोहे खायले गेले, बस, आपलं काही बोलणं झालं नाही. तिले तुमी काही सांगायचं नाही, समजलं? बाहेरच्याच्या तोंडून आयकलं तं ती मले जन्मात माफ नाही करणार. मी सांगीन. मले अर्धा घंटा आहे. भट्टी पेटवायची आहे, फोटोतल्या बाईशी दोन शब्द बोलायचे आहेत, अन् मंग तिले ह्या खांबाच्या इकडं बसवून त्या कढईतली फूट आयकवायची आहे. आयकली तं आयकली. कढईच फेकून मारली, तं तेही बरोबर आहे तिचं.

द्या तो कप, धुवून ठेवतो, तिनं पाह्यला तं — नाही. राहू द्या. नका उचलू. तिच्या कॉफीचा दोनच घोट घेतलेला अन् माह्या कॉफीचा रिकामा, दोन्ही कप तसेच राहू द्या टेबलावर. मले बोलता नाही आलं, तं तिले तेच दाखवीन. — पैसे नको जी. जा तुमी.