सहावा पंखा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे विक्री विभागाचे साहेब, माझ्या वरिष्ठ आणि संशोधन विभागाच्या प्रमुख मॅडम, ज्यांच्यासाठी आज कारखान्याची पाळी तासभर लवकर सुटली ते आमचे पुरेकाका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, त्यांची लेक आणि जावई, आणि खुर्च्या कमी पडल्या तरी कुरकुर न करता मागे उभे असलेले सर्व सहकारी,

सर्वांना नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. चार वर्षांत या सभागृहात मी तीनदा बोलले. तिन्ही वेळा पडद्यावर आलेख होते आणि दिवे मालवलेले होते. आज दिवे चालू आहेत, त्यामुळे तुम्ही सगळे दिसताय. सूत्रसंचालकांनी इतरांना पाच मिनिटं दिली, मला सात. "तुम्ही काकांच्या शेजारच्या टेबलावर बसता, तुमच्याकडे किस्से जास्त असणार," असं ते म्हणाले. आहेत. त्यातला एक त्यांनाही ठाऊक नाही, आणि काकांनाही.

पण आधी रीतीप्रमाणे सुरुवात करते.

काकांचं खरं आडनाव इथल्या निम्म्या लोकांना माहीत नसावं. निवृत्तीची सूचना फलकावर लागली तेव्हा कँटीनवाल्या मावशींनी मला विचारलं, "ताई, हे कोण रिटायर होतायत?" पुरे हे नाव मुळात त्यांच्याच कँटीनमध्ये पडलेलं. अर्धा कप चहा झाला की काका कपावर आडवा हात धरतात आणि म्हणतात, "पुरे." खुर्चीचा हात निखळला, त्यांनी तार गुंडाळून बसवला. नवी खुर्ची मागवायचा फॉर्म मी भरून त्यांच्यापुढे ठेवला. म्हणाले, "टेकायला होतंय ना? पुरे." त्यांचा फोन तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय.

"काका, हा फोन आता संग्रहालयाला देऊन टाका," असं मी पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं.

"वाजतो. मी उचलतो. पलीकडचा बोलतो. अजून काय करायचं राहिलंय त्याचं?"

"फोटो कसे काढणार?"

"कुणाचे? ज्यांचे काढायचे ते समोरच असतात की."

त्या संभाषणानंतर आजवर मी तीन फोन बदलले. तिन्ही वेळा आधीचा चालू होता.

पाहुण्यांसाठी आमच्या खोलीबद्दल दोन वाक्यं सांगते. टेस्ट रूममध्ये पंखे चालवून ठेवतात. बाकी काही करत नाहीत. बंद पडेपर्यंत रात्रंदिवस चालवायचे, तास मोजायचे, रोज सकाळी रजिस्टरमध्ये एक ओळ लिहायची. कुणाला हे कंटाळवाणं वाटेल. मलाही वाटायचं. काका मात्र सकाळी आल्यावर आधी डबा ठेवायचे नाहीत. आधी एकेका पंख्यापाशी उभे राहायचे, मागच्या बाजूला तळवा टेकवायचे, आणि मग लिहायचे: चालू.

सव्वाचौदा वर्षांपूर्वी जुन्या मॉडेलचे सहा टेबल पंखे या चाचणीला लावले होते. मी तेव्हा शाळेत होते. आठव्या वर्षी पहिला गेला. बाराव्या वर्षापर्यंत पाच गेले. सहावा चालत राहिला. त्याच्या तास मोजायच्या मीटरला पाचच आकडे होते, त्यामुळे एक लाखाला तो पुन्हा शून्यावर आला. काकांनी मीटरवर पेन्सिलीने एक छोटी रेघ मारली आणि मला म्हणाले, "इथून पुढे रेघेसकट वाचायचं."

नियम असा की शेवटचा पंखा बंद पडल्याशिवाय चाचणीचा अहवाल पूर्ण करता येत नाही. आणि आम्हाला नव्या मॉडेलसाठी तो पंखा ठेवलेला ओटाही हवा होता आणि अहवालही.

दीड वर्षापूर्वी एका बैठकीत विक्री विभागाच्या साहेबांनी मला विचारलं, "तो एक जुना अजून चालूच आहे का हो?" साहेब इथे बसले आहेत म्हणून मुद्दाम नोंदवते: त्यांनी एवढंच विचारलं. बंद करा, असं ते म्हणाले नाहीत. कुणीच म्हणालं नाही. मी "हो" म्हटलं आणि बैठक पुढच्या विषयाकडे गेली. पण नव्या मॉडेलवर माझं नाव होतं, आणि एक जुना पंखा त्याची वाट अडवून उभा होता. मला तो पंखा आवडेनासा झाला. यंत्राबद्दल असं वाटणं तांत्रिकदृष्ट्या निरर्थक आहे, पण वाटलं ते खरं.

त्याच महिन्यात काका लेकीच्या बाळंतपणासाठी अकरा दिवस रजेवर गेले. जाताना त्यांनी मला कागदावर लिहून दिलं: सोमवारी तेल, दोन थेंब, जास्त नको. तोंडीही सांगितलं, "तुमच्यावर सोडून चाललोय. एरवी मी कुणावर सोडत नाही."

त्यांच्या रजेच्या चौथ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी सहावा पंखा बंद केला.

तो बंद पडला नव्हता. मी बंद केला. बटण दाबल्यावर पाती थांबायला अडतीस सेकंद लागले. मी मोजले, कारण मोजायची सवय आहे. मग रजिस्टरमध्ये लिहिलं: बिघाड, मोटर बंद. खाली सही केली. पंखा उघडून तपासायचा असतो. तो न उघडता मी दुसऱ्या दिवशी भंगारात पाठवला.

हे ऐकायला तुम्ही आला नव्हतात. मला कल्पना आहे. पण मधेच थांबले तर मी पुन्हा सुरू करू शकणार नाही, म्हणून अध्यक्ष महोदयांची परवानगी गृहीत धरून पुढे बोलते.

काका परत आले. पेढ्यासारखा चेहरा करून आले होते, नात झाली होती. डबा हातात तसाच ठेवून रिकाम्या ओट्यापाशी उभे राहिले. रजिस्टर वाचलं.

"तेल दिलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. ते खरं होतं. तेल सोमवारी दिलं होतं, दोन थेंब.

"कुठाय तो? बघू तरी."

"भंगारात गेला, काका."

त्यांनी रिकाम्या ओट्यावर तळवा टेकवला. मग म्हणाले, "आतला बुश घासून गरम लागत असणार. जायच्या आदल्या दिवशी मी घाईत होतो, नीट हात लावला नाही. माझंच चुकलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि माझ्या नोंदीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: "देखभालीत माझ्याकडून कसूर झाली."

मी समोर उभी होते. त्यांचं पेन चालत होतं तेवढा वेळ माझ्याकडे होता. एक वाक्य पुरलं असतं. मी संगणकाकडे वळले.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, फक्त वेगळ्या बाजूने. अहवाल पूर्ण झाला, माझं कौतुक झालं, याच व्यासपीठावर मला पुष्पगुच्छ मिळाला. त्या अहवालातून विक्री विभागाने एक वाक्य उचललं: "आमच्या प्रयोगशाळेतला एकही जुना पंखा आज चालू नाही. तुमचा किती दिवस चालेल?" जाहिरातीतलं ते वाक्य अक्षरशः खरं होतं. ते खरं व्हावं याची व्यवस्था मी केली होती.

लोक जुने पंखे घेऊन आले. जुना द्या, नवा न्या. मागच्या आवारात ढीग लागला. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यातले दहा पंखे उचलून लावून पाहिले. नऊ फिरले. दहाव्याची नुसती वायर तुटलेली होती.

एक आजी दोन दिवसांनी परत आल्या होत्या. पंखे बदलून द्यायच्या काउंटरवर त्या वेळी नेमकी मी होते.

"ताई, माझा जुना मिळेल का परत?"

"नव्यात काही बिघाड आहे का?"

"नाही हो, छान आहे. वारा जास्त येतो. पण तो चांगला चालत होता. तुमच्या कागदावर वाचलं आणि मला रोज रात्री वाटायला लागलं, आता थांबतो, मग थांबतो. म्हणून आणला. आता घरी गेल्यावर कळतंय की तो काही थांबला नव्हता."

मी त्यांना सांगितलं की नियमाप्रमाणे परत देता येत नाही.

समाधानाची व्याख्या मला करता येणार नाही, तो माझा विषय नाही. काकांना शेजारून पाहून मी एवढंच अनुमान काढलं आहे की आपल्याकडे जे आहे ते चालू आहे, एवढी खात्री असली की बहुतेक माणसांचं भागतं. ती खात्री असेपर्यंत त्यांना काही विकता येत नाही. म्हणून नवा पंखा विकायच्या आधी आम्ही शंका पोचवतो. शंका फुकट असते आणि घरपोच जाते. ती तयार करायला फार लोक लागत नाहीत, एक सही पुरते.

सूत्रसंचालकांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं संपली म्हणतात. बरोबर आहे. अजून तीन घेते.

काकू, हे आता तुमच्याशी बोलते. तुमच्या घरी त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाचा पंखा होता. गेल्या उन्हाळ्यात काका तो पिशवीत घालून घेऊन आले. मी विचारलं, "काका, तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले, "हिने विचारलं, आपला चालेल ना? इतकी वर्षं मी ठणकावून हो म्हणायचो. आता आपल्याच खोलीतला गेला म्हटल्यावर कशाच्या जोरावर सांगू?" त्या दिवसापासून मी त्यांना वेगळं वागताना पाहिलं आहे. घड्याळ कानाला लावून बघतात. फ्रीजचा आवाज बदललाय का, हे फोन करून तुम्हाला विचारतात. मागच्या महिन्यात त्यांनी नवा फोन घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, "काका सुधारले" म्हणून चेष्टा केली. मी नाही वाजवल्या. त्यांनी फोन बदलला कारण आपल्या हाताखालची वस्तू आपल्याला कळते, हा विश्वासच त्यांचा गेला होता. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर ते तो विश्वास घालवून घरी निघाले आहेत, आणि तो त्यांनी कुठे हरवला हे फक्त मला माहीत होतं.

तुमचा पंखा मी शोधला, काकू. ढीग तोवर उचलला गेला होता. मिळाला नाही.

हे आधी का सांगितलं नाही, असा प्रश्न रास्त आहे. पहिल्या आठवड्यात भीती होती. मग भीती कमी झाली, पण सांगायला उशीर झाला होता, आणि दर आठवड्याला तो आणखी होत गेला. काका मला रोज अर्धा चहा देत राहिले. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. आज सकाळी दहा वाजता मी लेखी निवेदन अध्यक्ष महोदयांच्या कार्यालयात दिलं आहे, आणि जाहिरातीतलं ते वाक्य मागे घ्यावं अशी विनंती त्यात केली आहे. माझ्याबद्दल जो निर्णय व्हायचा तो होईल. त्यावर आज बोलणं बरं नाही, दिवस काकांचा आहे.

काका, मान हलवू नका. "जाऊ दे" असं तुम्ही म्हणणार आहात, मला दिसतंय. पण एक गोष्ट ऐकून घ्या. बटण दाबायच्या आधी मी पंख्याच्या मागच्या बाजूला हात लावला होता. तुम्ही लावता तसा, तळवा टेकवून. तो गरम नव्हता. आवाज नव्हता. तुमच्याकडून कसूर झाली नव्हती. रेघेसकट एक लाख अकरा हजार चारशे सहा तास झाले होते आणि तो चालू होता.

माझी नोंद मी आज सकाळी खोडली, बाजूला खरं काय ते लिहून सही केली. तिच्या खालची ओळ मात्र तुमची आहे, आणि दुसऱ्याची ओळ खोडायचा अधिकार आपल्याकडे कुणालाच नाही. ती तुम्हालाच खोडावी लागेल. सेवेत असेपर्यंतच तुम्हाला त्या रजिस्टरमध्ये सही करता येते, आणि तुमची सेवा आज पाच वाजता संपते. आता चार वाजून छत्तीस मिनिटं झाली आहेत. रजिस्टर मी सोबत आणलं आहे.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्ष महोदयांची आणि आयोजकांची मी आभारी आहे. ठरल्यापेक्षा जास्त वेळ घेतला, त्याबद्दल सूत्रसंचालकांची क्षमा मागते. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण सर्वांनी ते पोटात घालावं. जे वागण्यात झालं ते घालू नये.

काका, पुढच्या वक्त्यांनी सुरुवात करायच्या आधी एक मिनिट इकडे या. पेन माझ्याकडे आहे.