बांध ओलांडून आलेले

नाही, मारत नाही आम्ही त्यांना, एवढंही कळत नाही का तुला, सेफू? मारायला विष लागतं. ही मक्याची भरड आहे, त्यात औषध मिसळलंय — बायका पाळणा लांबवायला गोळ्या घेतात ना, त्याच जातीचं. मोरोगोरोच्या विद्यापीठातल्या बाई देतात, मी शेतात ठेवते. उंदरांनी खाल्लं की नर कोरडे पडतात. हसतोस काय? औषध बायकांचं, पण आटतो नर — अंडकोश चिंचोक्याएवढे होतात, आत बीजच उरत नाही. तरी ऐट बघावी त्याची, माद्यांमागं तसाच धावतो. त्याला कुठं माहीत असतं? बाई तर मादीसारखाच नरही फाडून बघतात. आपल्या घरात तेवढी मी एकटीच तपासली गेले.

आठवतं ना? डॉक्टर म्हणाला, हिच्यात काही दोष नाही, आता नवऱ्याला पाठवा. आणि तू म्हणालास — माझ्यात बघण्यासारखं काही नाही. खरं बोललास म्हणा. मग मला माहेरी आणून सोडलंस, माझी पातेलीसुद्धा ठेवून घेतलीस, आणि तातूला आणलंस, माझ्या भाचीच्या वयाची पोर.

आणि आज इतक्या वर्षांनी ठेवणीतला सदरा घालून माझ्या शेतात उभा राहतोस — कशाला, तर तातूला दिवस गेलेत, आता कळलं ना दोष कुणात होता ते, असं मला ऐकवायला. कळलं बाबा. आता माझंही ऐक. गेल्या हंगामात या शेतातले सगळे नर कोरडे होते, तरी एका बिळात पिल्लं निघाली. मला वाटलं, औषध फुकट गेलं. बाई हसल्या. म्हणाल्या, शेजारच्या शेतातले नर बांध ओलांडून येतात, त्यांना कुठं आपण औषध दिलंय?

असा काय बघतोस? उंदरांचं बोलतेय मी.

हे बघ, मला काही माहीत नाही. तातूशी मी कधी दोन शब्द बोललेले नाही — जीभ घसरली माझी, तुला लागावं म्हणून बोलले, तिला नाही. तुझंच आहे ते. माणसाला उशिरा होतात मुलं, कितीकांना होतात. घरी जाऊन तिला एक अक्षर विचारायचं नाहीस, ऐकलंस? सेफू — एवढ्या तरातरा कुठं निघालास? थांब. थांब म्हणते ना, मीही येते.