चार बोटं साल

बसा, जवळ सरका. आणि शेकोटीत ते करड्या सालीचं लाकूड आज नका घालू, बाभळीचं घाला. का, ते गोष्ट संपल्यावर विचारायची गरज पडणार नाही. ऐका.

वर सातपुड्यात उमरपाणी म्हणून पावरा आदिवासींचा पाडा आहे. तिथला सायसिंग. डिंक काढणारा माणूस. कशाचा डिंक? सालईचा. देवापुढं जाळता तो धूप, बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवता ती धुरी, तो सगळा सालईचा चीक असतो. सालई कुठं येते? जिथं दुसरं काहीच येत नाही तिथं. नुसता मुरूम, धोंडे, उतार, पाणी थांबत नाही, तिथं ही उभी. शेरडं तिच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. वणवा आला तर वरची साल होरपळते, आत जीव शाबूत. वरची साल कागदासारखी पातळ, तिचे पापुद्रे सुटतात आणि वाऱ्यावर फडफडतात. रात्री कुणी त्या जंगलातून गेलं की येऊन सांगतं, मागं कोणीतरी येत होतं. मी म्हणतो, अरे, पापुद्रे वाजतात. शंभरातल्या नव्वद वेळा ते पापुद्रेच असतात. ही गोष्ट उरलेल्या दहातली.

तर सायसिंगला हे काम शिकवलं भुरलाबाबानं. म्हातारा हाडकुळा, बोलायला कमी. एक खोड होती त्याला. झाडाला हत्यार लावण्याआधी कोयतीच्या मुठीनं खोडावर दोनदा वाजवायचा. टक, टक. का, तर आत पोकळ आहे का ते कळतं. आणि नियम एकच सांगायचा. कितीही काप, पण भोवती सगळी साल काढायची नाही. एका बाजूला चार बोटं रुंद पट्टी सोडायची. पानं जेवण तयार करतात, ते सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांना जातं. ती पट्टी तोडली की मुळं उपाशी. आणि झाड लगेच मरत नाही, बरं का! वर्षभर हिरवं राहतं. तुम्हाला वाटतं, काही झालं नाही. मग उभ्या उभ्या वाळतं.

हा भुरलाबाबा या गोष्टीच्या तीन वर्षं आधी तांबडकड्यावरून टोपली घेऊन उतरताना घसरून मेला. तिथंच वर कड्यावर सगळ्यात थोरली सालई होती, तिला सगळे माय म्हणायचे. बाकीच्या झाडांवर इतके घाव झाले होते की त्यांचं बी पोकळ निघायचं. मायचं बी तेवढं रुजायचं. पण तिलाही तीन बाजूंनी जुने घाव होते. म्हणून पाड्यानं ठरवलं, हिला आता हात लावायचा नाही. विश्रांती.

आता सायसिंगच्या घरचं ऐका. बायको रेली. पहिलं पोर सहाव्या दिवशी गेलं होतं. छातीत घरघर लागली आणि गेलं. धुरी मिळाली नव्हती, म्हणून गेलं, असं रेलीच्या डोक्यात बसलं. सायसिंगच्याही बसलं. धुरीनं पोरं जगतात का, ते मला विचारू नका, मी सुईण नाही. पण ज्याचं गेलंय त्याला असं सांगून बघा.

दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले आणि घरात डिंक नाही. होता तो सगळा बाजारात गेलेला. बाकीची झाडं त्या साली आटलेली. मग सायसिंगनं काय केलं? होळीनंतर चार दिवसांनी, अंधार पडल्यावर गुपचूप कड्यावर गेला आणि मायला घाव घातला. कंदील नेला नाही, पाड्यातून दिसला असता. नुसत्या हातानं चाचपलं. जुने घाव हाताला खडबडीत लागतात, वाळलेले. एका जागी साल मऊ लागली, ओली, जिवंत. तिथं कोयती लावली. लोण्यात शिरावी तशी शिरली. घाव पुरा केला आणि घरी आला.

तुमच्यातल्या कुणाला कळलं का काय झालं ते? नाही? मग ऐका पुढं.

चीक लगेच मिळत नाही. घाव घालायचा, आठ दिवस थांबायचं, पाझरून थिजला की खरवडायचा. आठव्या दिवशी रेलीला मुलगी होऊन चार दिवस झाले होते. दूध ओढेना. संध्याकाळी छातीत घरघर सुरू झाली. गुलीमाय, सुईण, म्हणाली, "उद्या पाचवी. सकाळी धुरी पाहिजे, पोरा. दुकानातली आणू नको, तिच्यात काय काय मिसळतात."

रेलीनं टोपलीकडं बोट केलं. सायसिंगनं टोपली आणि कोयती उचलली, आगपेटी कनवटीला लावली आणि निघाला. अंधार गडद. चांद पहाटेशिवाय उगवणार नव्हता.

चढला. झाडं सगळी नागडी, फाल्गुनात सालईला पान नसतं. नुसती फुलं, बारीक, पांढरी, वास मात्र दूरवर. चांदण्यांच्या उजेडात करडी खोडं दिसत होती. फडफड, फडफड. सायसिंगला काही वाटलं नाही. पापुद्रे! आयुष्य गेलं त्यात.

मायपाशी पोचला. चीक मस्त थिजला होता. खरवडला, मूठ-दीड मूठ भरला. आणि मग हात सहज खोडाभोवती फिरला. डिंक काढणाऱ्याची सवय, काम झालं की हात फिरवून बघायचं. इथं खडबडीत. इथं खडबडीत. इथं नवा घाव. आणि पुढं पुन्हा खडबडीत. पुन्हा फिरवला. मऊ साल कुठंच नाही!

आता कळलं? अंधारात त्याच्या हातानं जिवंत साल शोधली होती. आणि त्या झाडावर जिवंत साल एकच उरली होती. भुरलाबाबानं सोडलेली पट्टी.

पण सायसिंग मनात म्हणाला, कुणाला कळणार आहे? वर्षभर हिरवी राहील. पोरीचं बघू आधी. आणि पाठ फिरवली.

टक, टक.

मागून. खोडावर, दोनदा. सायसिंग थांबला. आवाज थांबला. सुतार पक्षी असेल, म्हणाला. रात्री? चालायला लागला. टक, टक. आता पुढच्या झाडावर. भरभर चालला. उतार लागला, डावीकडं वळला, आता घरच्या वाटेवरची ओढ्याची कपार आली पाहिजे. आली नाही. हाताला एक खोड लागलं, चाचपलं. खडबडीत, खडबडीत, नवा घाव, खडबडीत. माय! पुन्हा निघाला, आता उजवीकडून. धावतच. धापा टाकत थांबला, हात टेकला. माय!

मग त्याला सुचलं. धूप! भूतबाधेला आपण सालईचाच धूप फिरवतो ना? अंगणात फिरवतो, उंबऱ्यावर फिरवतो. टोपलीतला एक खडा काढला, दगडावर ठेवला, काडी ओढली. पेटला. ओला डिंकही पेटतो तो. पण धूर वर जाईना. जमिनीसरशी सरपटत निघाला, मायच्या मागं गेला, आणि तिथून कोणीतरी लांब श्वास घेतला. अगदी आवडीनं.

"अहाहा. मायचा आहे हा. दुसऱ्या झाडाला हा वास नाही."

बघा, काय चूक केली त्यानं! ज्या माणसानं जन्मभर हाच वास हुंगला, त्याला ह्या धुरानं पळवायचं?

भुरलाबाबा पुढं येऊन दगडापाशी उकिडवा बसला. हातात तीच कोयती, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. धुरावर हात शेकले. तोंड उजेडात आलं नाही.

"सायसिंग. काम बघायला आलो. पट्टी सोडलीस?"

सायसिंग म्हणाला, "सोडली, बाबा."

"बरं."

एवढंच. आणि सायसिंगच्या नडगीला ओलं लागलं. हात लावला. दुखत नव्हतं काही. पण कातडी नव्हती तिथं. चार बोटं उंचीचा, कडा सरळ, अगदी बाबाच्या हातचा घाव. रक्त असेल म्हणून बोटं नाकाशी नेली. चीक! सालईच्या चिकाचा वास!

पळाला तो. तोल जात, काट्याकुट्यातून, कुठं जातोय कळत नव्हतं. पुन्हा समोर तो दगड, तो पेटलेला खडा, तो म्हातारा.

"वेळ लागला. पट्टी सोडलीस ना?"

"सोडली! सोडली, बाबा!"

टक, टक. या वेळी नडगीच्या हाडावर. घाव बाहेरच्या बाजूला सरकला. मग आतल्या बाजूला. कोयतीच्या पात्याचा गारवा त्याला जाणवत होता, दुखणं नाही. त्याच्यासारख्या माणसाला काय सांगायचं पुढं काय होतं ते? पुढून झालं, दोन्ही बाजूंनी झालं. आता पातं पोटरीच्या मागं चाललं होतं. भोवती जुळलं की संपलं. लगेच नाही. वर्षभर हिंडेल, फिरेल, हिरवा दिसेल.

आणि खाली घरात पोरगी घरघरतेय.

सायसिंग मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, लहान पोरासारखा रडला. "बाबा, पट्टी गेली. माझ्याच हातानं गेली. अंधारात मऊ लागली, तिथं लावली. मला कळलं होतं. कळूनही मी निघालो होतो. लाज वाटते, बाबा."

पातं थांबलं.

मग म्हातारा नेहमीच्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "मग बसलास काय? फांदी लाव."

खरंच की! सालईची मनगटाएवढी फांदी तोडून मुरुमात खोचली तर ती मूळ धरते. कुंपणाला खोचलेले खुंट फुटतात, बघितलंय ना तुम्ही? झाड नागडं असताना लावायची, पानं यायच्या आत. सायसिंग चढला मायवर, फांदी तोडली, उतरला. खड्डा बोटांनी उकरला, नखं फुटली. फांदी रोवली, दगड लावले, माती दाबली. एक लावली, दुसरी लावली. पाचवी लावताना मान वर केली तर पूर्वेला बारीक चांद, मागं उजाडायला आलेलं. दगडावरचा खडा विझलेला. म्हातारा नाही. समोर ओढ्याची कपार, रोजच्या जागेवर.

टोपलीत मूठभर डिंक होता. तो घेऊन लंगडत घरी आला.

गुलीमायनं आधी निखाऱ्यावर डिंक टाकला. पोरगी धुरात शिंकली, रडली, आणि रडता रडता आईला लुचली. जगली. आज ती पाच नातवंडांची आजी आहे. धुरीनं जगली की शिंकेनं छाती मोकळी झाली म्हणून, ते मी सांगू शकत नाही.

मग गुलीमायचं लक्ष त्याच्या पायाकडं गेलं. "हे काय रे करून आलास?" पाय धुतला, दिवा जवळ धरला. गुडघ्याखाली पुढून घाव, दोन्ही बाजूंनी घाव, मागं वळवून बघितलं. पोटरीवर कातडीची एक उभी पट्टी तशीच होती. सायसिंग म्हणाला, "मी कबूल केलं म्हणून वाचलो, गुलीमाय. तेवढ्यात थांबला तो."

गुलीमायनं आपली बोटं पट्टीवर आडवी ठेवली. एक, दोन, तीन, चार. कडेला कोयतीच्या टोकाची बारीक रेघ होती, वरून खाली, दोन्ही बाजूंना. काम सुरू करायच्या आधी आखतात तशी. म्हणजे म्हाताऱ्यानं ती पट्टी पहिल्यापासून, कबुलीच्याही आधी, सोडूनच धरली होती.

सायसिंगनं ती रेघ बघितली आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

माय वर्षभर हिरवी राहिली. पुढच्या फाल्गुनात तिला फूल आलं नाही. पाच फांद्यांपैकी दोन फुटल्या. त्या आता छपराएवढ्या झाल्यात, आणि त्यांना हात लावायची कुणाची छाती नाही.

तेव्हा ऐका, आणि घरी सांगा. उमरपाण्याहून तांबडकड्याची वाट अंधार पडल्यावर धरू नका. लांबून वळसा घाला, दोन कोस जास्त पडले तरी चालतील. फडफड ऐकू आली तर घाबरू नका, ते पापुद्रे. पण खोडावर दोनदा वाजलं, आणि कुणी विचारलं काम कसं केलंस, तर खोटं बोलू नका. म्हातारा अजून काम बघत फिरतो. आणि दरवेळी पट्टी सोडेलच, असं काही तो कुणाला बोललेला नाही.