फॅक्शन म्हणजे भावकी

...आणि वर तोंड करून मलाच म्हणतो, "इरशाद, गेमच हाय ना? रडतोस कशाला?" गेमच हाय! तुम्हाला सांगतो, त्या भरतला मी खुर्चीसकट उचलून सायबर कॅफेच्या बाहेर ठेवणार होतो, पण खुर्ची कॅफेवाल्या जलीलभाईंची. भरतचा गेम कसा? दिसला माणूस की घाल गोळी, ढिश्यांव ढिश्यांव, झाला तास! आमच्या अझीमभाईचा तसा नव्हता. गोळ्या नाय हो, माणसं! गेमात माणसं लागतात!

अझीमभाई माझा थोरला भाऊ. एमआयडीसीत पहिली पाळी करायचा, तीनला सुटला की थेट कॅफेत. त्याचा गेम गोष्टीचा, सगळं इंग्रजीत लिहून येणार. मी चौथीतून शाळा सोडलेली, मला काय कळतंय? पण भाई मोठ्याने मराठीत सांगायचा आणि अख्खी आळी त्याच्या खुर्चीमागे उभी! गोष्टीत तीन टोळ्या, नदीवाले, खाणवाले, डोंगरवाले. इंग्रजीत फॅक्शन म्हणतात. जलीलभाईंनी विचारलं, "फॅक्शन म्हणजे पार्टी काय रे?" भाई म्हणाला, "नाय ओ, पार्टी बदलता येते. फॅक्शन म्हणजे भावकी!" झालं! एका शब्दात सगळ्यांना समजलं. कुठला मास्तर असं शिकवतो, सांगा!

नदीवाल्यांत एक म्हातारी होती, कायम करवादलेली. भाईने तिला नाव ठेवलं आनंदीबाई. पहिल्याच दिवशी ती त्याच्यावर थुंकली. भरत ओरडला, "उडव तिला!" भाई म्हणाला, "थांब रे, तिचा मुलगा खाणवाल्यांनी मारलाय, ती काय हसणार?" मग आठ महिने हा माणूस तिन्हीकडे ये-जा करतोय, ह्याचा निरोप त्याला, त्याचं औषध ह्याला, कुणाचा मान चुकवला नाय! शेवटी तिन्ही भावक्यांपुढे हिरवी खूण, म्हणजे हा आपला माणूस. जलीलभाईंच्या नऊच्या नऊ कॉम्प्युटरांवर हे दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं! आनंदीबाई तर त्याला बघून उठून उभी राहायची. गोळ्या नाय हो, माणसं!

मग वरंध घाटात भाईची मोटारसायकल... जाऊ दे.

भाईचा चाळिसावा झाला, दुसऱ्या दिवशी मी कॅफेत गेलो. म्हटलं, भाईचा गेम नुसता बघू. उघडला. वर नाव, अझीम. इंग्रजीत तेवढं वाचता येतं मला. आणि काय सांगू, नदीवाला दिसला की हात वर करतोय, डोंगरवाला मान लववतोय... भाई गेला, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं हो!

गेमातल्या भाईच्या हातात एक गाठोडं होतं. कुणाला द्यायचं ते लिहिलेलं, पण वाचणार कोण? खाणवाल्यांचा पुढारी इतका गोड बोलत होता, म्हटलं दे ह्यालाच! दिलं. मागून जलीलभाई किंचाळले, "अरे येड्या! त्यात आनंदीबाईच्या मेलेल्या मुलाचा सदरा होता! मारणाऱ्यांनाच नेऊन दिलास?" मी घाबरलो, तेवढ्यात स्क्रीनवर पाटी आली, दाबलं यस. "आता काय दाबलंस?" म्हटलं, यस. "जुनं पुसून हेच ठेवू का, विचारत होता तो!"

आठ महिन्यांची सोयरीक, मी आठ सेकंदांत मोडली! नदीवाल्यांपुढची हिरवी खूण लाल. पोरं दगड मारतायत. आनंदीबाई आत गेली आणि दार लावलं. आणि शिव्या कुणाच्या नावाने? अझीमच्या! आठ महिने ज्याने कुणाचा मान चुकवला नाय, त्याच्या!

आता रोज तीनला जातो. जलीलभाई वाचतात, मी नदीवाल्यांची लाकडं वाहतो, बोटी दुरुस्त करतो, पोरांचे दगड खातो. काल जलीलभाई वैतागले. "इरशाद, नवीन गेम चालू कर की रे, तुझ्या नावाने! कोरी पाटी, डोक्याला ताप नाय!"

म्हटलं, नको जलीलभाई. ह्याच्यात निदान भाईला शिव्या तरी घालतात. माझ्या नावाने मला तिथे विचारतंय कोण?